रेस सोडताना

नवी मोटरसायकल हातात आली की सगळ्यांचं लक्ष एकाच गोष्टीवर असतं: ओढते कशी. पिकअप किती, तिसऱ्यात किती पळते, ओव्हरटेकला दम आहे का. हे कळायला दहा मिनिटं पुरतात. रेस देताना माणूस मुळातच सावध असतो, त्यामुळे तिथे सहसा फार बिघडत नाही. हात फसतो तो रेस सोडताना. सोडण्याची सवय वर्षानुवर्षं एकाच इंजिनावर पडलेली असते आणि तिच्यात विचाराला जागा उरलेली नसते. वळण दिसलं की मनगट आपसूक पुढे फिरतं आणि गाडी नेहमीइतकी आवळली जाईल, म्हणजे इंजिनच तिचा वेग कमी करेल, असं शरीर गृहीत धरून चालतं. इंजिन वेगळं असेल तर हा अंदाज चुकतो. एक गाडी मोकळीच पळत राहते, दुसरी मागून कुणी धरून ठेवल्यासारखी अडते. दोन्ही वेळा घोळ होतो तो वळणाच्या तोंडाशीच, जिथे सावरायला जागा सगळ्यात कमी असते. इंजिनाचा प्रकार बदलला की आधी रेस सोडायला शिकावं आणि मग द्यायला, असं माझं ठाम मत आहे.

त्यासाठी इंजिन गाडीला आवळतं म्हणजे नेमकं काय करतं, हे आधी समजून घेऊ. कॉम्प्रेशनमुळे गाडी आवळली जाते, असं सर्रास सांगितलं जातं. पेट्रोल इंजिनात हे अर्धसत्य आहे. पिस्टन वर जाताना हवा दाबायला जी ताकद लागते, तिच्यातली बरीचशी तो खाली येताना परत मिळते, कारण दाबलेली हवा त्याला खाली ढकलते. खरी ओढाताण होते ती सक्शनच्या स्ट्रोकला. थ्रॉटल, म्हणजे इंजिनात हवा सोडणारी झडप, बंद असतो, हवेचा रस्ता जवळजवळ मिटलेला असतो आणि पिस्टनला मात्र खाली यायचंच असतं. बंद दाराआडून हवा ओढण्यात त्याची शक्ती खर्च होते. इंजिनातलं घर्षण त्यात भर घालतं. हे सगळं दर मिनिटाला जितक्या जास्त वेळा होतं तितकी गाडी जास्त आवळली जाते. म्हणून खालच्या गिअरमध्ये आवळ मोठी, वरच्यात लहान. इंजिन गाडीच्या वजनाच्या मानाने मोठं असेल तर आवळही मोठी.

या हिशेबात फ्लायव्हील आलं की चित्र बदलतं. क्रँकला, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतो त्या दांड्याला, जोडलेलं हे जड चाक फिरण्याची ऊर्जा साठवतं. सिंगल सिलिंडर फोर-स्ट्रोकमध्ये चार स्ट्रोकपैकी एकातच ताकद मिळते, उरलेले तीन या साठ्यावर निभावतात. लांब स्ट्रोकच्या, म्हणजे पिस्टन लांब फेरी मारतो अशा, जुन्या वळणाच्या सिंगलमध्ये फ्लायव्हील भरभक्कम असतं ते यासाठीच. अशा इंजिनाची रेस सोडली की आरपीएम (दर मिनिटाचे फेरे) सावकाश उतरतात आणि आवळ हळूहळू जाणवते. हलक्या क्रँकच्या इंजिनात आरपीएम धाडकन खाली येतात आणि आवळही लगेच लागते. इंजिनांचे बाकीचे फरक चालवता चालवता अंगवळणी पडतात. या एका फरकाकडे मात्र मुद्दाम लक्ष द्यावं लागतं, कारण गिअर बदलण्याची सगळी लय त्याच्यावर ठरते.

रॉयल एनफील्डची सध्याची क्लासिक ३५० घ्या. बोअर (सिलिंडरचा व्यास) ७२ मिमी, स्ट्रोक ८५.८ मिमी. २७ एनएमचा सगळा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, ४,००० आरपीएमला हजर. आता केटीएमची आधीची ३७३ सीसीची ३९० ड्यूक बघा. बोअर ८९ मिमी, स्ट्रोक ६० मिमी, टॉर्कचा कळस ७,००० ला. दोन्ही सिंगल, दोन्ही फोर-स्ट्रोक, आकारमानही जवळपास सारखं. तरी एकीवर मुरलेला हात दुसरीवर चालत नाही. क्लासिकवर गिअर चढवताना क्लच दाबून क्षणभर थांबावं लागतं, आरपीएम उतरू द्यावे लागतात. घाई केली तर क्लच सोडताना गाडी पुढे ढकलली जाते. ड्यूकवर तेवढंच थांबलं तर आरपीएम गरजेपेक्षा खाली जातात आणि क्लच सोडल्यावर गाडी मागे ओढल्यासारखी धक्का खाते. तिला गिअर झटपट हवा. क्लच पुरता दाबायचीही गरज नसते, प्लेटा सुटण्यापुरता दाबला की पुरे.

गिअर उतरवताना हेच उलट होतं. तिसऱ्यातून दुसऱ्यात जाताना त्याच वेगाला इंजिनाला साधारण १.३ पट फिरावं लागतं. तिसऱ्यात ४,००० वर असाल तर दुसऱ्यात ५,२०० लागतील. हे वरचे बाराशे आरपीएम आपण रेसने दिले नाहीत तर मागच्या टायरला ते रस्त्याकडून ओरबाडून घ्यावे लागतात. ब्रेक लागलेला असताना वजन पुढे गेलेलं असतं, मागचं चाक हलकं झालेलं असतं, आणि नेमकं तेव्हाच त्याच्याकडून ही वसुली होते. चाक टुणटुण उडतं किंवा क्षणभर घसटतं ते यामुळे. दुसऱ्यातून पहिल्यात जाताना ही उडी सगळ्यात मोठी असते, दीडपट किंवा त्याहून जास्त. म्हणून गाडी जवळजवळ थांबेपर्यंत पहिला गिअर टाकू नये.

उपाय माहितीतला आहे: क्लच दाबला की रेसचा एक छोटा झटका द्यायचा, त्याच क्षणी गिअर खाली, मग क्लच सोडायचा. पण झटका किती, हे इंजिन ठरवतं. जड फ्लायव्हीलला तो मोठा आणि थोडा लांब लागतो, कारण ते चाक चढायलाही वेळ घेतं. हलक्या क्रँकला मनगटाची नुसती थरथर पुरते. तिथे क्लासिकइतका झटका दिला तर आरपीएम गरजेच्या पलीकडे जातात आणि क्लच सोडताच गाडी ऐन ब्रेकिंगमध्ये पुढे झेपावते. जमलंय की नाही हे ओळखायची खूण साधी आहे. क्लच सुटताना गाडीचं नाक खाली गेलं तर झटका कमी पडला, वर उठलं तर जास्त झाला, आणि नाक हललंच नाही तर बरोबर. हे दोन बोटं ब्रेकवर ठेवून करायचं असतं, आणि खरी अडचण तिथेच येते. मनगट फिरलं की ब्रेकच्या लिव्हरवरचा दाबही बदलतो. म्हणून सुरुवातीला ब्रेक न लावता, मोकळ्या सरळ रस्त्यावर नुसतं गिअर उतरवणं घटवावं. ब्रेक नंतर जोडावा.

आता बऱ्याच गाड्यांत स्लिपर क्लच येतो. मागून उलटी ताकद आली की क्लचच्या आतल्या तिरक्या पायऱ्या प्लेटांवरचा दाब कमी करतात, क्लच थोडा घसरतो आणि चाक उडत नाही. सोय मोठी आहे, पण तिच्यामुळे हात आळशी होतो हेही खरं. ती नसलेल्या गाडीवर बसलं की ते लगेच उघडं पडतं.

सिंगलवरून मल्टिसिलिंडरवर येणाऱ्यांची वेगळीच गोम असते. ती कानाची असते. ६० किमीच्या वेगाने गाडी सेकंदाला सुमारे १६.७ मीटर जाते. सिंगल ३,००० आरपीएमवर फिरत असेल तर सेकंदाला २५ वेळा फायरिंग होतं, सिलिंडरमध्ये पेट्रोल पेटतं, म्हणजे चाक दर ६७ सेंटिमीटरला एक ढकल घेतं. याच वेगाला इनलाइन फोर, म्हणजे एका ओळीत चार सिलिंडरचं इंजिन, ६,००० वर असेल तर सेकंदाला २०० फायरिंग, दर ८ सेंटिमीटरच्या आसपास एक. पहिल्या गाडीचा प्रत्येक ठोका बुडाखाली मोजता येतो. दुसरीत ठोके एकमेकांत मिसळून सलग सूर लागतो आणि तो चढत जातो. सिंगलवर घडलेला कान तो चढता सूर ऐकून घाबरतो आणि हात रेस सोडतो. इंजिनाला खरी ताकद गवसायच्या ऐन आधी हे घडतं, म्हणून मग तक्रार येते की गाडीत दम नाही.

या भीतीला आकड्यांनी उत्तर देता येतं. यामाहाच्या ५९९ सीसी आर६ चा स्ट्रोक ४२.५ मिमी आहे, क्लासिकच्या जवळजवळ निम्मा. क्लासिक ६,१०० आरपीएमला आपली कमाल शक्ती देते तेव्हा तिच्या पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला १७.४ मीटर असतो. आर६ चा पिस्टन तेवढाच वेग गाठतो तो १२,३०० आरपीएमला. कानाला जे किंचाळणं वाटतं ते पिस्टनच्या दृष्टीने क्लासिकच्या साडेसहा-सात हजारांच्या आतलंच काम आहे. इंजिन पुरतं गरम झालेलं असेल तर आठ-नऊ हजारांवर ठेवल्याने अशा इंजिनाचं काही वाकडं होत नाही. उलट वरच्या गिअरमध्ये अडीच हजारांवर धरून पूर्ण रेस पिळणं कोणत्याही इंजिनाला जास्त जाचक. कमी आरपीएम आणि जास्त भार म्हणजे नॉकिंगला (पेट्रोल भलत्या वेळी पेटून ठोके बसण्याला) निमंत्रण, आणि बेअरिंगमधला तेलाचा पडदाही तेव्हाच पातळ होतो. सिंगलवर हे सांगायला खडखडाट आणि चेनचे हिसके असतात. फोर हे निमूटपणे सोसतं, तक्रार करत नाही, म्हणून सवय तशीच राहते.

तेव्हा फोरवर ओव्हरटेकला एक गिअर उतरवून भागत नाही. सहाव्यात चार हजारांवर असाल तर दोन, कधी तीनही उतरवावे लागतात. निघतानाही फरक आहे. क्लासिक पहिल्यात जवळजवळ आयडलिंगवरच सुटते. ६०० सीसीच्या सुपरस्पोर्टचा पहिला गिअर इतका उंच असतो की त्यातच गाडी १०० किमीच्या पुढे जाते. त्यामुळे निघताना तीन हजारांच्या आसपास रेस धरून क्लच थोडा जास्त वेळ अर्धा ठेवावा लागतो. बुलेटवाल्या हाताने क्लच सोडला तर ती चौकात बंद पडते आणि लाजिरवाणं होतं, दुसरं काही नाही. पण यू-टर्न मारताना तिरकी असतानाच ती बंद पडली तर थेट आडवी होते.

रेस सोडण्याच्या बाबतीत फोर दोन तोंडांचं आहे. दहा हजारांवर सोडली तर आवळ जोरदार, चार हजारांवर सोडली तर जेमतेम. सिंगलवर ही आवळ सगळीकडे साधारण ओळखीची असते, म्हणून सिंगलवाले वळणाआधी ब्रेक न लावता नुसती रेस सोडून वेग जुळवतात. फोरवर कमी आरपीएमला हीच युक्ती केली की गाडी अपेक्षेपेक्षा १०-१५ किमी जास्त वेगाने वळणात शिरते. इथे सवयच बदलायला हवी: वेग ब्रेकने कमी करायचा आणि इंजिनाला फक्त पुढच्या ओढीसाठी तयार ठेवायचं.

ट्विनमध्ये, म्हणजे दोन सिलिंडरच्या इंजिनात, सरसकट काही सांगता येत नाही. दोन पिस्टन एकत्र वरखाली होणारी ३६० अंशांची क्रँक समान अंतराने फायर करते. १८० अंशांची १८० आणि ५४० अंशांवर, लंगडत. २७० अंशांची २७० आणि ४५० वर, म्हणजे ९० अंशांच्या व्ही-ट्विनसारखी, जिच्यात दोन सिलिंडर इंग्रजी व्हीच्या आकारात असतात. यामाहाने १९९५ मध्ये टीआरएक्स८५० ला ही २७० ची क्रँक दिली आणि आज रॉयल एनफील्डच्या ६५० मध्येही तीच आहे. सिंगलवरून येणाऱ्याला हे इंजिन सगळ्यात लवकर जवळचं वाटतं, कारण ठोका ओळखीचा असतो आणि खालची ओढ भरपूर. गिअरची लय तेवढी थोडी वेगवान करावी लागते.

व्ही-ट्विन म्हटलं की डोळ्यासमोर संथ धडधड येते, पण ती हार्लेची. ४५ अंश, जड फ्लायव्हील, खालूनच ओढ. ९० अंशांच्या स्पोर्ट व्ही-ट्विनमध्ये पिस्टन तेवढेच मोठे पण क्रँक हलकी असते. असं इंजिन चौथ्या-पाचव्यात अडीच-तीन हजारांखाली हिसके देतं आणि रेस सोडली की फटकन आवळतं. रहदारीत ते दमवतं. तिथे एक गिअर खालीच धरावा आणि कमी वेगाला अर्ध्या क्लचचा आधार घ्यावा. तीन सिलिंडरच्या ट्रिपलबद्दल फार सांगण्यासारखं नाही. दर २४० अंशांना फायरिंग, खाली ट्विनचा जोर आणि वर फोरची धाव. सवय बदलायला सगळ्यात कमी त्रास देणारं इंजिन तेच.

फायरिंगच्या अंतराने स्वाराच्या हातावर किती फरक पडतो याचा एक दाखला शर्यतीतला आहे. १९९२ मध्ये होंडाने ५०० सीसीच्या एनएसआर५०० चं चारही सिलिंडरचं फायरिंग एकमेकांच्या अगदी जवळ आणलं. ढकल एकगठ्ठा मिळायची आणि मग मोठी फट. मागचं टायर घसरायला लागलं की ते सावरणं स्वारांना सोपं जाऊ लागलं आणि बाकीचे कारखानेही त्याच मार्गाने गेले. पुढे १९९७ मध्ये होंडाचा स्वार मिक डूहान मुद्दाम जुन्या, समान अंतराच्या फायरिंगकडे परत गेला आणि त्या मोसमातल्या १५ पैकी १२ शर्यती जिंकल्या. बहुतेकांना जे सोपं वाटत होतं ते सोडून त्याने आपल्या हाताला रुचणारं निवडलं. अमुक इंजिन चांगलं आणि तमुक वाईट असा वाद घालणाऱ्यांनी या उदाहरणाजवळ जरा थांबावं.

आता सगळ्यात धोक्याचा बदल, फोर-स्ट्रोकवरून टू-स्ट्रोकवर. यामाहाच्या टू-स्ट्रोक आरएक्स१०० वर प्रेम करणारे खूप आहेत आणि जुन्या गाड्या दुरुस्त करून पुन्हा रस्त्यावर आणणारेही. फोर-स्ट्रोकवर वाढलेला हात अशा गाड्यांवर बसला की पहिला धक्का म्हणजे आवळच नाही. टू-स्ट्रोकमध्ये वेगळा सक्शन स्ट्रोक नसतो, बंद थ्रॉटलविरुद्धची ती ओढाताण फारच कमी. रेस सोडली की गाडी सायकलसारखी मोकळी धावते. सगळा भार ब्रेकवर, आणि जुन्या गाड्यांत तो बहुधा ड्रम. म्हणून ब्रेक लवकर धरायचा आणि घाटात उतरताना दोन्ही ब्रेक आलटून पालटून वापरायचे, म्हणजे एकच ड्रम तापून ढिला पडत नाही.

दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. टू-स्ट्रोकच्या पिस्टनला आणि क्रँकच्या बेअरिंगला तेल मिळतं ते पेट्रोलबरोबर किंवा ऑइल पंपातून, आणि तो पंप थ्रॉटलच्या केबलला जोडलेला असतो. रेस बंद म्हणजे पेट्रोल कमी आणि तेलही कमी. लांब उतारावर दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये रेस पूर्ण सोडून गाडी खाली सोडली तर इंजिन चाकाच्या जोरावर पाच-सहा हजारांनी फिरतंय आणि तेल मात्र आयडलिंगपुरतं मिळतंय, अशी स्थिती येते. पिस्टन तापतो, फुगतो, सिलिंडरला धरतो आणि मागचं चाक जागच्या जागी लॉक होतं. फोर-स्ट्रोकवर जी शहाण्याची सवय मानली जाते, उतारावर खालच्या गिअरमध्ये रेस सोडून उतरणं, तीच इथे इंजिन मारते. उतारावर दर काही सेकंदांनी रेस थोडी उघडून बंद करावी, किंवा क्लच दाबून एखादा झटका द्यावा, म्हणजे तेल जात राहील. डाव्या हाताची दोन बोटं क्लचवर कायम. ताकद अचानक गळाली, इंजिन कुणी आवळल्यासारखं वाटलं किंवा धातूचा कोरडा आवाज आला, तर त्याच क्षणी क्लच दाबायचा. गाडी मोकळी करून बाजूला घ्यायची आणि इंजिन गार होईपर्यंत किक मारायची नाही.

टू-स्ट्रोकची ओढही सरळ रेषेत येत नाही. सायलेन्सरच्या फुगीर पोटातून परतणाऱ्या दाबाच्या लाटा ठराविक आरपीएमलाच जुळून येतात. त्याखाली इंजिन मरगळलेलं, तिथे पोहोचलं की एकदम उसळी. ही उसळी वळणात गाडी तिरकी असताना यायला नको. वळणाआधीच गिअर असा निवडायचा की इंजिन त्या पट्ट्याच्या आत तरी असेल किंवा पुरतं खाली तरी. सीमेवर ठेवून वळणात रेस द्यायची नाही. ओल्या रस्त्यावर एक गिअर वरचा ठेवावा, म्हणजे उसळीपर्यंत इंजिन पोहोचतच नाही.

बॉक्सर इंजिनं, म्हणजे दोन सिलिंडर समोरासमोर आडवे असलेली, कमी दिसतात, पण त्यांच्या दोन खोडी माहीत असाव्यात. बीएमडब्ल्यूने १९२३ च्या आर३२ पासून क्रँक लांबीच्या दिशेने ठेवली. उभ्या गाडीची रेस झटक्यात दिली की गाडी एका अंगाला कलते. चालू लागल्यावर ते जाणवेनासं होतं, पण सिग्नलला पायाच्या टोकावर उभं असताना रेस पिळू नये. दुसरी खोड शाफ्टची, म्हणजे चेनऐवजी मागचं चाक फिरवणाऱ्या दांड्याची. जुन्या शाफ्टच्या गाड्यांत रेस दिली की मागची बाजू वर उठते आणि सोडली की खाली बसते. वळणात तिरकी असताना घाबरून रेस सोडली तर नेमकी तेव्हाच जमिनीपासूनची उंची कमी होते. १९८७ पासून आलेल्या पॅरालिव्हर या मागच्या जोडणीने हा दोष पुष्कळ घालवला. क्लचचंही भान ठेवायला हवं. आर१२०० जीएसला तेलातला क्लच २०१३ मध्ये मिळाला, त्याआधीच्या बॉक्सरमध्ये तो कोरडा. कोरड्या क्लचला अर्धा धरून रांगत जाणं सोसत नाही. जळका वास येतो आणि प्लेट गेली की गिअरबॉक्स उतरवायचं मोठं काम निघतं.

इलेक्ट्रिक मोटरवर मोजकंच बोलतो, कारण तिथे इंजिनच नाही. पण रेस सोडण्याचा प्रश्न तिथे तर जास्तच मोठा आहे. सोडल्यावर गाडी किती आवळायची हे सेटिंगवर ठरतं, आणि बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर बऱ्याच गाड्यांत ही आवळ कमी होते. म्हणजे सकाळी चार्जिंगवरून काढलेली गाडी आणि संध्याकाळची गाडी यांत फरक पडतो. बहुतेक गाड्यांत क्लचही नसतो, त्यामुळे सावकाश वळताना वेग सांभाळायचं काम मागच्या ब्रेकवर येतं.

फ्युएल इंजेक्शनच्या बहुतेक फोर-स्ट्रोकमध्ये आणखी एक गोष्ट जाणवते. वेगात असताना रेस पूर्ण बंद केली की ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर, पेट्रोलच तोडतो. पुन्हा रेस उघडली की पेट्रोल परत सुरू होतं आणि बारीकसा धक्का बसतो. त्यात चेनचा सैलपणा, मागच्या चाकातल्या रबरांचा ढिलेपणा, गिअरच्या दातांमधली फट मिळाली की धक्का मोठा होतो. कार्ब्युरेटरवरून येणाऱ्याला हे फार खटकतं. यावर हाताचा उपाय असा: रेस दोन टप्प्यांत उघडायची. पहिल्या टप्प्यात फक्त चेन ताणली जाईल एवढीच, कानाला आवाजातला फरक जेमतेम कळेल इतकी. ताण आला की मग ओढ. आणि वळणात रेस पूर्ण मिटायची नाही. वेग जरा जास्त वाटला तर रेस किंचित उघडी ठेवून मागचा ब्रेक हलकासा लावायचा. चेन ताणलेलीच राहते, धक्का येत नाही.

पण हाताला दोष देण्याआधी गाडी तपासावी. थ्रॉटलचा मोकळा खेळ मुठीच्या कडेला मोजला तर बहुतेक गाड्यांत २ ते ४ मिमी हवा. केबल सैल होऊन तो ८-१० मिमी झाला असेल तर कितीही नाजूक हात असला तरी उघडताना हिसका बसणारच. चेनचा झोल बहुतेक रस्त्यावरच्या गाड्यांत २० ते ३५ मिमीच्या दरम्यान सांगितलेला असतो. आपल्या गाडीचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये बघावा, आणि चेन अनेक जागी फिरवून सगळ्यात घट्ट जागेला मोजावा. मागचा स्प्रॉकेट हाताने पुढेमागे हलवून बघावा. चाक स्थिर असताना तो सहज हलत असेल तर आतली रबरं गेली. मोठ्या सिंगलमध्ये ती लवकर जातात, कारण प्रत्येक ठोका त्यांच्यावरच आदळतो.

मग रिकामं मैदान किंवा वाहतूक नसलेला सरळ रस्ता गाठावा. इंजिन गरम करून तिसऱ्यात गाडी जितकी हळू गुळगुळीत चालेल तितकी चालवायची आणि रेस सावकाश उघडायची. थरथर थांबून ओढ कुठल्या आरपीएमला लागते ते लक्षात ठेवायचं. तो आपला तळ. रहदारीत त्याच्या खाली जायचं नाही. नंतर ४० किमीच्या वेगाला दुसऱ्यात रेस एकदम सोडायची, ब्रेक न लावता, आणि २० वर यायला किती अंतर लागतं ते बघायचं. मग तिसऱ्यात, मग चौथ्यात. प्रत्येक गिअरला चार-पाच वेळा. जुन्या गाडीवर हेच करून दोन्ही अंतरं ताडून बघता आली तर फारच उत्तम, कारण वळणात हात चुकतो तो याच दोन अंतरांच्या फरकाने. त्यानंतर रेसचा झटका देऊन गिअर उतरवणं, आणि शेवटी चालत्या माणसाच्या वेगाने छोटी वर्तुळं: रेस एका जागी स्थिर, क्लच अर्धा, वेग मागच्या ब्रेकने. इंजिन कितीही उर्मट असलं तरी या पद्धतीत त्याचे धक्के क्लचमध्येच विरतात. तेलातल्या क्लचला एवढं खुशाल सोसतं. कोरडा असेल तर दोन-तीन वर्तुळांनंतर गार होऊ द्यावा.

गाडीला मोड असतील तर सुरुवातीला रेन किंवा तत्सम मोड घ्यायला कमीपणा मानू नये. त्यात रेसचा पहिला पाव भाग मऊ केलेला असतो, आणि शिकायचंही त्याच भागात असतं. हात बसला की सोडून द्यावा. वर्षानुवर्षं त्यातच राहिलं तर मूळ इंजिनाची ओळख होतच नाही.

नव्या गाडीवर हात बसला की जुनीवरचा थोडा सुटतो, हेही ध्यानात ठेवायला हवं. घरात दोन गाड्या असतील, एक टू-स्ट्रोक आणि एक मोठी फोर-स्ट्रोक सिंगल, तर चूक बहुधा परतीच्या दिशेने होते. आठवडाभर सिंगल चालवून टू-स्ट्रोकवर बसलं की पहिल्या उतारावर हात रेस पूर्ण मिटून टाकतो. त्या दिवशी सुरुवातीचे चार-पाच किलोमीटर सपाट रस्त्याचे घ्यावेत. निघण्याआधी तेलाच्या टाकीची पातळी बघावी, पुढचा-मागचा ब्रेक वेगवेगळा दाबून बघावा, आणि पहिल्या दोन-तीन वळणांना ब्रेक नेहमीपेक्षा लवकर धरावा.